शाल कोण धरतंय?

ताशबाशी, १९ जानेवारी

गुलगेझ,

थोरलीचा सलाम घे. हे पत्र रागाचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. रागात असते तर घसरगाडीवाल्या बिनालीच्या तोंडी निरोप धाडला असता, आणि बिनाली पदरचं तिखटमीठ घातल्याशिवाय घोड्यालासुद्धा हाक मारत नाही. फोन करणार होते. पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेल्या अर्ध्यात तू फोन ठेवून देतेस. पत्र ठेवून दिलंस तरी ते घरातच राहतं.

सेनेम, तू सासूला वाचून दाखवते आहेस ना? मग मोठ्याने वाच गं बाई. टोमणा आला की आवाज बारीक करू नकोस. मी लिहिताना अक्षर बारीक केलेलं नाही.

सोबतच्या थाळीत अर्धा हंस आहे. मीठ लावून छपराखाली टांगला होता, वारा खाऊन चांगला कडक झालाय. यंदा पहिला बर्फ पडल्यावर हंस कापले तेव्हा पिसं काढायला आळीतल्या सगळ्या जणी आल्या होत्या. तुझ्या जागी कुणी बसलं नाही. मी अडवलं असं नाही, तिथे दाराचा वारा लागतो. तुमच्या पलीकडच्या काठाला हंस कुठले मिळायला, तिथे सगळे माशांवरच जगतात. खा. खाताना माझी आठवण मात्र काढू नकोस, ठसका लागेल.

आता मुद्द्याचं. शाळेच्या मास्तरीणबाईंनी काल मला त्यांच्या फोनवर एक फोटो दाखवला. "झेरनिशान मावशी, बघा, तुमच्या जाऊबाईंनी काय काढलंय!" बर्फाच्या पोटात बुडबुड्यांची उतरंड. खाली मोठा, वर लहान, त्याच्यावर आणखी लहान, अगदी सुगड्यांसारखे एकावर एक रचलेले. शेजारून एक तडा गेलेला, कापलेल्या काचेसारखा. माशाल्लाह. छान आहे. मी छान म्हणाले. मास्तरीणबाईंना विचार, मी दोनदा म्हणाले.

मग घरी आले आणि मला जेवण गेलं नाही.

कारण त्या फोटोत आकाश नव्हतं. याचा अर्थ या तलावावर फक्त दोन बायांना कळतो, एक तू आणि एक मी. बर्फ म्हणजे आरसाच. वरून बघितलं की ढग दिसतात, नाहीतर आपलंच नाक. आकाश आणि बर्फ यांच्या मधे कुणीतरी काळी शाल ताणून उभं राहिलं, तरच त्याच्या पोटातलं बाहेर दिसतं. आणि तू तर पालथी पडलेली असतेस, एक डोळा मिटलेला, दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले. तिसरा हात देवाने तुला दिलेला नाही.

मग शाल कोण धरतंय?

मी काही भांडायला विचारत नाही. सहज विचारते. तुझ्या भावाने जर्मनीहून तो कॅमेरा आणला तेव्हा तू त्याला हात लावायला घाबरायचीस, झाकण उघडलं तर आतले सगळे फोटो सांडतील म्हणायचीस. ते कुणाला आठवतं? मला. तलावाच्या पोटातल्या झऱ्यावरची ती जागा कुणाच्या पायांना सापडली? माझ्या. बर्फ पायाखाली वेगळा वाजला, मी थांबले, म्हणाले, "गुलगेझ, इथे खाली कुणीतरी श्वास घेतंय." तू वाकून पाहिलंस आणि तिथेच बसकण मारलीस. तेव्हापासून इतके हिवाळे आपण दोघी त्या बर्फावर. बोट तू दाबलंस, मान्य. पण आकाश मी थोपवून धरलं.

आणि गेल्या वर्षी गावच्या हिवाळी जत्रेत आपल्या फोटोची मोठी चौकट लावली, तिच्याखाली नाव एकच. मी विचारलं, "आणि मी?" तू सगळ्यांसमोर हसलीस. "ताई, तुझं नाव कुठे लिहू, शालीवर?" सगळे हसले. चहावालासुद्धा.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी बर्फावर ती शाल तुझ्या अंगावर फेकली आणि म्हणाले, "घे! जाळ्याच्या काठीला अडकव, नाहीतर गाढवाच्या पाठीवर घाल. माझे हात आता माझ्या चुलीला." आणि त्या वाऱ्यात शालीशिवाय घरी आले. खोकला महिनाभर होता. त्यानंतर तू मुलाकडे पलीकडच्या काठाला राहायला गेलीस, तेही मला बिनालीकडूनच कळलं.

तुझा दीर सेत्तार म्हणतो, "अगं, घरात जळायला गोवऱ्या आहेत ना? मग तू कशाला जळतेस?" त्याला काय कळतंय. पुरुषांना जावा नसतात.

शाल माझी आहे, हे लक्षात असू दे. तिला परक्या बाईचे हात लागत असतील तर परत पाठव.

झेरनिशान


ताशबाशी, ४ फेब्रुवारी

गुलगेझ,

थाळी पोचली. रिकामी धाडली नाहीस, घरचं वळण विसरली नाहीस म्हणायचं. पिवळा मासा चांगला चरबीचा होता. सेत्तारने काटेसुद्धा चोखले. पण थाळीत ना एक शब्द, ना शाल.

तुला लिहिता येत नाही हे कारण मला सांगू नकोस. सेनेमला येतं. आणि "बरी आहे" एवढं सांगायला अक्षर लागत नाही, दोन साखरेचे खडे जास्त टाकले असतेस तरी मला कळलं असतं. पूर्वी कळायचंच ना? तू नवी सून होतीस, सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, दिरासमोर नाही, आल्यागेल्यासमोर नाही. तेव्हा तुला भूक लागली, पोट दुखलं, माहेरची आठवण आली, हे सगळं सासूला कोण सांगायचं? तू माझ्या ओढणीचं टोक ओढायचीस आणि मी बोलायचे. तुझी जीभ मी होते. सासूबाई म्हणायच्या, "या घरात एका सुनेला दोन तोंडं आणि एकीला एकही नाही."

हे आत्ताच का लिहिते आहे, ते सांगते.

बिनाली मासे घेऊन आला. मी त्याला चहा दिला, साखरेचा खडा दाताखाली धरून तो बसला निवांत. मी चुलीकडे तोंड करून विचारलं, म्हणजे त्याला वाटायला नको की मला फार पडलीये.

"काय रे, दिसते का गुलगेझ कुठे?"

"दिसते की. रोज झऱ्यापाशी. पालथी पडलेली असते सीलमाशासारखी."

"एकटीच?"

"छे. सोबत बाई असते ना."

मी चिमटा खाली ठेवला. "कोण बाई?"

"आता मी काय सांगू? उंच आहे चांगली. काळी शाल ताणून उभी असते. मी लांबून सलाम केला, तर हूं नाही की चूं नाही. मानसुद्धा हलवली नाही. मग मी घोड्याचं तोंड फिरवलं. परकी बाई, त्यात अबोला पाळणारी. नवी सून असणार."

"नवी सून?"

"मग? तशी गप्प आणखी कोण उभी राहते आजकाल? गुलगेझ मात्र तिच्याशी सारखी बोलत असते. हसतपण होती काल."

हसत होतीस!

बिनाली गेला आणि मी तुझ्या घराचा हिशेब घातला. थोरल्या मुलाची बायको सेनेम, तिच्या तोंडाचा तर पट्टा सुरू असतो, ती कशाला गप्प बसेल. म्हणजे धाकट्याचं उरकलंस. बुर्साला कामाला होता तो, तिथूनच आणली का? आणि मला कळवलं नाहीस! जन्मला तेव्हा त्याची नाळ मी कापली. दाईला यायला वाट नव्हती, बर्फ कंबरेएवढा होता. त्याच्या मेंदीच्या रात्री मी इथे गोवऱ्या रचत बसले होते आणि मला ठाऊकसुद्धा नाही. एक मुठीएवढी मेंदी पाठवली असतीस तरी चाललं असतं. हाताला लावली नसती, नुसता वास घेतला असता.

आणि लगेच तिच्या हातात माझी शाल दिलीस. मला कळतंय सगळं. नवी सून बरी. अबोला पाळते. "डावीकडे सरक" म्हटलं की सरकते, "अगं, उजवीकडे म्हणायचंय का तुला?" असं उलटून विचारत नाही. नाव कुठे लिहिलं म्हणून तर मुळीच विचारणार नाही. जावेपेक्षा सून स्वस्त पडते.

जावाजावा उभा दावा म्हणतात ते उगाच नाही. मी म्हणायचे, आपल्याला लागू नाही. सगळ्यांना सांगायचे. आता बायका माझ्याकडे बघतात आणि चहा ढवळत बसतात.

सेनेम, तुला धाकटी जाऊ आली, अभिनंदन. सांभाळून राहा. सुरुवातीला तीही तुझ्या ओढणीचं टोक ओढेल.

काल कामानिमित्त काठावर गेले होते. गोवऱ्या आणायला. तिथून पलीकडे दोन ठिपके दिसले, एक आडवा आणि एक उभा. उभा बराच वेळ हलला नाही. दम आहे पोरीत, एवढं मात्र कबूल करते.

शाल परत पाठव.

झेरनिशान

ता. क. सेत्तारच्या हातचं: गुलगेझ पोरी, ही रोज काठावर जाते. आपल्या गोवऱ्या घराच्या मागे आहेत. तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. मासा उत्तम होता.


ताशबाशी, २० फेब्रुवारी

आज उबेचा पहिला निखारा हवेत पडला. सेत्तारने दार उघडून नाक बाहेर काढलं आणि म्हणाला, "पडला खरा, पण आपल्या दारात नाही." आठवड्याने दुसरा पाण्यात पडेल, मग तिसरा मातीत, आणि हिवाळा आपलं बिऱ्हाड उचलेल.

गुलगेझ, हे पत्र तुला नाही. नव्या सुनेला आहे. तू कान बंद कर. सेनेम, तिला समोर बसव आणि वाच.

मुली,

तुझं नाव मला कुणी सांगितलं नाही, म्हणून नुसतं मुली म्हणते. मी तुझी थोरली चुलतसासू. माझ्याबद्दल घरात काय ऐकलं असशील ते असशील. निम्मं खरं असेल.

तू शाल धरतेस, धर. पण नीट धर. पाठ वाऱ्याकडे ठेव. शालीचं एक टोक टाचेखाली दाब, नाहीतर तिच्यात वारा भरतो आणि तुला घेऊन अक्चाकालेच्या बेटापर्यंत जातो. शाल सबंध आडवी ताणू नकोस, खालच्या बाजूने तिरपं ऊन आत येऊ दे. त्या उन्हाने बुडबुड्यांच्या कडांना चांदीची तार लागते. तुझ्या सासूचे चांगले फोटो सगळे त्या तिरप्या उन्हाचे आहेत, विचार तिला. नको, विचारू नकोस. तू बोलत नाहीस.

बर्फावर फुंकर मारून भुगा उडवू नकोस. श्वासाचं दव तिथेच गोठतं आणि डाग पडतो. हंसाच्या पंखाने झाडायचं, हलक्या हाताने, पिठाची परात झाडतो तसं. सोबत पंख पाठवते. चांगला आहे, उजवा पंख आहे.

ती "डावीकडे" म्हणाली की उजवीकडे सरक. ती पालथी असते ना, तिचं सगळं उलटं होतं. मी इतके हिवाळे न सांगता सरकत होते, म्हणून तिला वाटतं की तिला दिशा कळतात.

उठताना तिला हात दे. डाव्या बगलेत घाल, उजव्या नाही. उजवा खांदा एकदा गवताच्या गाडीवरून पडताना निसटला होता, तो थंडीत धरतो. ती "नको, नको" म्हणेल. तरी धर. उभी राहिली की आधी तिच्या गुडघ्यांवर दोन चापट्या मार, रक्त खाली उतरतं. चहा बाटलीतून ओतताना पहिला घोट तिला दे आणि तिच्याआधी तू पिऊ नकोस. मी प्यायचे, आणि ती मला हावरट म्हणायची.

हे सगळं लिहिताना मला काय होतंय ते तुला कळायचं नाही. पण त्यात तुझा दोष नाही. तू तरुण आहेस, उंच आहेस, तुझे हात दुखत नसतील. माझे दुखायचे. रात्री भाकरी मोडता यायची नाही. पण खाली कधी केले नाहीत, एक दिवस सोडून. तो दिवस तुला तिने सांगितला असेल.

आता खरं सांगते, नीट ऐक. तुझं काम शाल धरणं नाही. शाल खुंटीपण धरते. तुझं काम ऐकणं आहे. तिचं डोकं कॅमेऱ्यात असतं, शालीच्या अंधारात असतं, तेव्हा तिच्यासाठी जग नसतं. तिचे कान तू. बर्फ ओरडत असतो तोवर भिऊ नकोस. तोफेसारखा वाजू दे, लांडग्यासारखा विव्हळू दे, ओरडणारा बर्फ निरोगी. तो गप्प झाला की घाबर. पायाखाली ओल्या पोळीसारखा मऊ लागला आणि काहीच बोलला नाही, की तिचा पाय धर आणि फरपटत मागे ओढ. फोटोची पर्वा करू नकोस, तिच्या ओरडण्याची तर मुळीच नाही. मी दोनदा ओढलंय. दुसऱ्या वेळी आम्ही उठून उभ्या राहिलो आणि ती होती ती जागा पाण्याखाली गेली. तिने मला आधी शिव्या दिल्या, उतरंड निसटली म्हणून, मग माझ्या गळ्यात पडून रडली. हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. आता तू सुनेसारखी गप्प राहा.

आणि दुसरा निखारा पाण्यात पडला की झऱ्यावर पाऊल नाही. बिनालीच्या वाटेने घोडा जातो, तिथे बर्फ महिनाभर टिकतो. झऱ्यावर टिकत नाही, खालून ऊब येते. तुझी सासू ऐकणार नाही. शेवटच्या दिवसांतले बुडबुडे सगळ्यांत मोठे असतात, तिला त्यांचा मोह आहे. तिला म्हण, थोरलीने शपथ घातलीये. तू बोलत नाहीस, ठाऊक आहे मला. त्या दिवशी बोल. एवढ्यासाठी अबोला मोडला तर कुणी सासरा तुला बोल लावणार नाही.

माझी शाल तुझ्याकडे राहू दे. थंडी आहे.

तुझी चुलतसासू
झेरनिशान


ताशबाशी, २७ फेब्रुवारी, सकाळ

गुलगेझ,

बिनाली दारात घोडा जुंपतोय. तो जुंपेपर्यंत लिहिते, अक्षराकडे बघू नकोस. नाहीतरी तू बघत नाहीसच.

काल संध्याकाळी थाळी आली. वर भाकऱ्या, भाकऱ्यांखाली कागदात गुंडाळलेला फोटो. सेनेमने ठेवला, तुला न सांगता. तिच्यावर चिडू नकोस, चिडलीस तर मी तिच्या बाजूने. मागे तिने लिहिलं होतं: "काकू, धाकट्या भाऊजींचं लग्न झालेलं नाही. कोपऱ्यात बघा. आणि सासूबाई उद्या दुपारी झऱ्यावर जाणार आहेत. माझं ऐकत नाहीत."

तोच फोटो, पण सबंध. मास्तरीणबाईंच्या फोनवर कडा कापलेल्या होत्या. मी दिव्याखाली धरला. उतरंड बघितली, तडा बघितला, बरं म्हटलं. मग वरचा कोपरा. तिथे बर्फ काळा आणि तुळतुळीत, त्यात शाल धरणारीचं प्रतिबिंब पडलंय, उलटं. मी फोटोच उलटा केला. सेत्तारचं वाचायचं भिंग लावलं.

आधी शाल ओळखली. कोपऱ्यावर निळं ठिगळ, पिठाच्या पोत्याचं, चुलीची ठिणगी पडून भोक झालं तेव्हा मीच लावलेलं. मग डोकं. डोक्याला पिवळ्या फुलांचा रुमाल. म्हटलं, बरीच उंच आहे की बया. मग खाली पाय शोधले.

पाय एकच. आणि तो लाकडाचा.

मी सेत्तारला हाक मारली. तो म्हणाला, "ही तर आपल्या भावाची जाळ्याची काठी. बर्फाखालून दोर सारायची. खालचं लोखंडी टोक बघ, मीच ठोकून दिलं होतं." आणि मग तो हसायला लागला. हसून हसून खोकला लागला त्याला. "झेरनिशान! महिनाभर तू काठीवर जळत होतीस! बिनालीने काठीला सलाम केला! आणि तू काठीला चुलतसासू म्हणून पत्र लिहिलंस, वर हंसाचा पंख आहेर!"

मीपण हसले. काय करणार. बिनालीला सांगितलं तर तो म्हणतो, "मी तर लांबूनच बघितलं, परक्या बाईकडे टक लावून कोण बघतं?" घोडासुद्धा मान खाली घालून उभा आहे.

मग हसता हसता पुन्हा भिंग लावलं, रुमालाची गाठ बघायला. तू स्वतः गाठ हनुवटीखाली मारतेस. सगळ्या जणी तिथेच मारतात. ही गाठ उजव्या कानावर होती. डावा कान मोकळा.

गुलगेझ, काठीला तू डावा कान मोकळा ठेवलास.

मी एकटी तसा रुमाल बांधते. मला त्याच कानाने ऐकू येतं.

तेव्हा मग सेत्तार हसायचा थांबला, आणि मीपण. कारण मला कळलं की तू महिनाभर माझ्याशीच बोलत होतीस तिथे. आणि दुसरंही कळलं. काठीला कान ठेवलास, पण काठीला ऐकू येत नाही गं. पूर्ण हिवाळा तू त्या झऱ्यावर पालथी पडत होतीस आणि तुझ्यासाठी कुणीच ऐकत नव्हतं. मी इथे काठावर उभी राहून उभ्या ठिपक्यावर जळत होते. मला वाटत होतं, चला, कुणीतरी आहे. माझी जागा गेली, पण जागा भरलेली आहे. ती रिकामीच होती.

काल निखारा पाण्यात पडला. आज पहाटेपासून तलाव गप्प आहे. मी दोनदा बाहेर जाऊन ऐकलं. एकदासुद्धा ओरडला नाही.

म्हणून मी येते आहे. घोड्याच्या वाटेने, बिनालीच्या घसरगाडीवर, माशांच्या खोक्यावर बसून. तुला समोर बघितलं की माझ्या तोंडून भलतंच निघेल, आधी शिव्याच निघतील, म्हणून हे पत्र बिनाली पुढे आणून देईल आणि मी दाराबाहेर घोड्यापाशी थांबेन. सेनेम, मोठ्याने वाच. तोवर हिचे बूट लपवून ठेव. ही निघालेली असेल तर पत्र टाक आणि धाव, पदराला धरून ओढून आण, लाजू नकोस, मी सासूला सांगेन की मी सांगितलं होतं. आणि परत आलीस की पीठ मळ, कणकेचे चौकोन उकडून हांगेल करू. कांदा भरपूर परत. हिला करपलेला आवडतो.

झऱ्यावर आज जायचं नाही. उद्याही नाही. पाण्यातल्या उतरंडी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा रचल्या जातील, तलाव कुठे पळून जात नाही. बेटाच्या बाजूला बर्फ अजून जाड आहे, तिथे तड्यांवर गोठलेल्या दवाची पिसं उगवलीत असं बिनाली म्हणतो. त्याचं अर्धं खरं धरून परवा बघून येऊ. शाल मी धरेन. हात दुखतील, दुखू देत.

आणि त्या बाईला आधी घालव. रुमाल उतरव, काठी जाळ्याकडे परत दे. मला माहीत आहे ती लाकडाची आहे. तरी मी आले की ती तिथे नको. एका शालीमागे दोघी उभ्या राहत नाहीत.

बिनाली हाका मारतोय. सुई आणि लाल दोरा ओढणीच्या टोकाला बांधून घेतलाय. माझं नाव शालीवर लिहायचं म्हणाली होतीस ना? ते काम राहिलंय.

झेरनिशान